शाळेच्या कमिटीतला माणूस नगर पालिकेच्या खुर्चीवर

आजची पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, त्यांना यातलं बरंच आठवेल.

नगर पालिकेच्या निवडणुकीला वेळ आहे. पांढुर्ण्यात आणि सौंसरात मागचं मतदान २०२२ च्या सप्टेंबरात झालं, म्हणजे पुढचं २०२७ मध्ये. मागच्या वेळी अध्यक्ष आपण निवडला नव्हता, पार्षदांनी निवडला. त्याआधी आपणच थेट निवडत होतो. आता २०२५ मध्ये राज्य सरकारनं पुन्हा थेट निवडीकडे वळायचं ठरवलं. म्हणून चौकात, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत आतापासूनच नावं निघायला लागलीत. त्यात एक प्रकारचा माणूस दर वेळी असतो. तो शाळेच्या कमिटीतला असतो. कुठल्यातरी संस्थेचा सचिव, पालक-शिक्षक संघाचा जुना अध्यक्ष, नाहीतर रिटायर हेडमास्तर. जुन्या वळणाचा, स्वच्छ धोतर नाहीतर कडक इस्त्रीचा पायजमा, तोंडात संस्कार हा शब्द. लोक म्हणतात, "मानूस चांगला आहे न भाऊ, यानं शाळा कशी सुतासारखी सरळ ठेवली, गावबी ठेवीन."

गाव सरळ ठेवणं आणि शाळा सरळ ठेवणं हे एकच काम आहे का, यावर मला लिहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे एक काम नाही. पण शाळेतला माणूस कसा वागला ते पाहून गावात तो कसा वागेल याचा अंदाज येतो. फक्त पाहायचं काय, ते ठरवून घ्यावं लागतं.

हा विषय डोक्यात यायला कारण झाला माझा भाचा. तो अमेरिकेत टेनेसी राज्यात, नॉक्सव्हिल गावात राहतो. मागे फोनवर म्हणाला, "मामा, आमच्या इकडेबी तुमच्यासारखंच चाललंय." तिथल्या नॉक्स काउंटीचा मेयर आजवर ग्लेन जेकब्स होता. हा माणूस पूर्वी टीव्हीवर कुस्ती खेळायचा, केन नावानं. आपल्या पोट्ट्यांनी त्याचे पत्ते जमवले असतील! तो २०१८ मध्ये निवडून आला, २०२२ मध्ये पुन्हा आला, आणि तिथं दोनच वेळा बसता येतं, म्हणून २०२६ साठी जागा मोकळी झाली. त्या जागेसाठी रिपब्लिकन पक्षात जी माणसं उतरली त्यात बेट्सी हेन्डरसन या बाई होत्या. त्या तिथल्या शिक्षण मंडळाच्या सदस्य, मंडळाच्या अध्यक्षही राहिलेल्या, विचारानं जुन्या वळणाच्या. भाच्यानं हे सांगितलं आणि मी म्हटलं, घ्या, सात समुद्रापलीकडे पण शाळेची कमिटी ही नगर पालिकेची पायरीच आहे.

आता तिकडची एक गंमत ऐका. टेनेसीत शिक्षण मंडळ निवडून येतं, अभ्यास, शिस्त, लायब्ररीत कोणतं पुस्तक ठेवायचं यावर तिथं कडाक्याची भांडणं होतात. पण मंडळाला स्वतःचा कर लावता येत नाही. पैसा काउंटीकडून येतो, आणि काउंटीचा मेयर बजेट मांडतो. म्हणजे कालपर्यंत जो हात पसरत होता तो उद्या देणारा होऊ पाहतो. हे मला रास्त वाटतं. शाळेला पैसा किती कमी पडतो हे ज्यानं पाहिलंय त्यानं तिजोरीजवळ बसावं. पण दुसरी गोष्ट भाच्यानं सांगितली ती मला खटकली. आधी तिथं शिक्षण मंडळाची निवडणूक पक्षाशिवाय व्हायची. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि पक्षाच्या नावावर लढायची मुभा मिळाली. आता शाळेचा सदस्य निवडतानाही लोक माणूस पाहायच्या आधी पक्ष पाहतात.

आपल्याकडे हे होऊन किती वर्षं झाली, सांगायची गरज नाही. शाळेच्या गॅदरिंगच्या स्टेजवर पाहुणे कोण बसतात ते पाहिलं की कळतं.

पण दूर कशाला जायचं? आपल्या मराठी माणसांत हे भांडण शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलंय, आणि ते पुण्यात झालं. आपल्या इकडच्या फार लोकांना ते माहीत नसतं, कारण आपण पुस्तकं वाचली ती हिंदी बोर्डाची.

१९१८ साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनं एक कायदा झाला. नगर पालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करता येईल, असा. म्हणजे शाळेचा प्रश्न एकदम नगर पालिकेच्या टेबलावर आला. त्याच वर्षी पुण्याच्या नगर पालिकेचे अध्यक्ष होते न. चिं. केळकर, केसरीवाले, टिळकांचे उजवे हात. प्रश्न असा निघाला की सक्ती करायची तर फक्त मुलांसाठी करायची की मुलींसाठीही. टिळक-केळकरांच्या बाजूचं म्हणणं होतं की पैसा पुरत नाही, आधी मुलांचं करू, मुलींचं मागून पाहू. सुधारक म्हणत होते, करायचं तर दोघांचं बरोबर करा. रमाबाई रानडे आणि विठ्ठल रामजी शिंदे त्यात पुढे होते. बायका रस्त्यावर उतरल्या, मिरवणुका काढल्या. १९२० साली किर्लोस्कर थिएटरात टिळकांच्या सभेत इतका गोंधळ झाला की लोकमान्यांना लोकांनी नीट बोलू दिलं नाही. ज्या माणसासाठी सगळं पुणं जीव टाकायचं, त्याची सभा पुण्यातच उधळली जाते, आणि कारण काय, तर पोरींची शाळा! त्याच वर्षी ऑगस्टात ते गेले.

मी टिळकांना कमी लेखत नाही. आमच्या घरात त्यांचा फोटो गणपतीच्या शेजारी होता आणि आजही आहे. आणि पैशाचं त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. नगर पालिकेकडे पैसा खरंच कमी असतो, तेव्हाही होता, आताही आहे. पण माझा मुद्दा वेगळा आहे. पैसा कमी पडला की कात्री कुठं चालते? आधी पोरींवर चालते. तिथं माणसाचं जुनं वळण दिसतं. भाषणात सगळेच स्त्रीला देवी म्हणतात, बजेट काढलं की कळतं.

आणि पैसा नसतानाही करणारे होतेच की. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण चालू केलं आणि १९०६ पर्यंत सगळ्या संस्थानात नेलं, मुलींसकट. (तिथंही मुलींसाठी वयाची मर्यादा मुलांपेक्षा कमी ठेवली होती, तेवढं सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की मामा एकतर्फी लिहितो.) कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केलं. हे दोघं राजे होते, त्यांना मतं मागायची नव्हती, हेही खरं. केळकरांना निवडून यायचं होतं. ते पुढेही पुण्याचे अध्यक्ष झाले, म्हणजे लोकांनी त्यांना या एका गोष्टीवरून टाकून दिलं नाही. लोक असेच असतात. पाणी, रस्ता, ओळख, जात, पक्ष, सगळं एका पारड्यात टाकून तोलतात.

आता आपल्या गावांकडे येतो.

आपण तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतो. आपण मध्यप्रांतात, नागपूर राजधानी. १९२० साली आपल्या प्रांताचाही प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि त्याच सुमारास जिल्हा कौन्सिल आणि लोकल बोर्डं आली. शाळा त्यांच्या हातात. मग १९४८ मध्ये जनपद सभा आल्या, तहसिलीला एक. आमच्या वडिलांच्या तोंडी जनपद शाळा हा शब्द शेवटपर्यंत होता. शाळेचं छप्पर गळालं तर जनपदच्या मेंबरच्या घरी जायचं. तो मेंबर ओळखीचा, बहुतेक वेळा दूरचा नातेवाईक. शाळेची कमिटी आणि गावचं राजकारण तेव्हा एकाच ओसरीवर बसायचं.

मग १ नोव्हेंबर १९५६. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. नागपूर तासा-दीड तासावर आणि राजधानी भोपाळला! आपले डॉक्टर नागपूरचे, सोयरिकी काटोल-नरखेड-सावनेरच्या, संत्री जायची नागपूरच्या मंडीत, आणि शाळेचा आदेश मात्र भोपाळहून, हिंदीत. संविधानात त्याच वर्षी ३५० अ हे कलम आलं की अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी. त्या जोरावर आपल्या भागात मराठी शाळा चालल्या. आमच्या घरात आजोबा पूर्ण मराठीत शिकले, वडील चौथीपर्यंत मराठीत आणि पुढे हिंदीत, मी अर्धं-अर्धं, आणि माझी नातवंडं इंग्लिश मीडियममध्ये आहेत. घरात मराठी बोलतात, पण आजीचं पत्र त्यांना वाचून दाखवावं लागतं. हे कोणा एकाचं पाप नाही. पण शाळेच्या कमिटीतला जो माणूस मराठी अस्मिता म्हणत मत मागायला येतो, त्याच्या घरातली पोरं कुठं शिकतात ते मी पाहतो. तुम्हीही पाहा.

यातली कायद्याची बाजू थोडी समजून घ्या, कारण उमेदवार इथंच आपल्याला चकवतो. १९९० नंतर शिक्षाकर्मी आले, त्यांची नेमणूक जनपद पंचायत, जिल्हा पंचायत, नगर पालिका यांच्याकडून व्हायची. पुढे त्यांना अध्यापक संवर्ग म्हणू लागले. म्हणजे कागदावर तरी नगर पालिकेचा शाळेशी संबंध होता, मास्तर तिचा नोकर होता. २०१८ मध्ये ते सगळे राज्याच्या शिक्षण खात्यात गेले. धागा तिथं तुटला. संविधानातही पाहा, पंचायतीसाठी अकरावी अनुसूची आहे, तिच्यात शिक्षण, प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसकट, असं स्वच्छ लिहिलंय. नगर पालिकेसाठी बारावी अनुसूची आहे, अठरा कामं, आणि त्यात शिक्षण येतं ते फक्त सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्याच्या बाबींना उत्तेजन देणं, एवढ्या एका ओळीत. गावाच्या पंचायतीला शाळा आणि शहराच्या पालिकेला उत्तेजन!

म्हणून जो कोणी पांढुर्ण्यात नाहीतर सौंसरात उभा राहून म्हणेल की मी अध्यक्ष झालो की मराठी शाळा पुन्हा उघडीन, मास्तर आणीन, अभ्यासात संस्कार टाकीन, त्याला नम्रपणे विचारा, "काका, हे तुमच्या हातात आहे का?" मास्तर त्याच्या हातात नाही, पुस्तक त्याच्या हातात नाही, माध्यम त्याच्या हातात नाही.

मग त्याच्या हातात काय आहे? शाळेसमोरची नाली आहे. शाळेच्या नळाला पाणी येतं की नाही, ते आहे. संध्याकाळी सहा-साडेसहाला ट्यूशनहून येणाऱ्या पोरींच्या रस्त्यावर खांबाचा लाइट लागतो की नाही, ते आहे. बस स्टँडवर बायकांची मोरी स्वच्छ आहे की कुलूप लावून चावी हरवलेली आहे, ते आहे. नगर पालिकेचं वाचनालय, खेळाचं मैदान, आठवडी बाजार शाळेच्या फाटकाला खेटून भरतो तो, शाळेजवळ गुटखा विकणारा ठेला. शाळा चालवायला मास्तर लागतो, पण शाळेत पोरगी पोचायला नगर पालिका लागते.

इथं मला आमच्या गावातल्या एका माणसाची आठवण सांगायची आहे. नाव सांगत नाही, शाळेचंही सांगत नाही, माणूस आता नाही आणि घरचे लोक भले आहेत. ते शाळेच्या संस्थेचे सचिव होते, वीस-बावीस वर्षं. हिशोबाला इतके पक्के की खडूचा डबा संपला तर रिकामा डबा दाखवल्याशिवाय नवा देत नसत. देणगीची पावती चार आण्यांचीही फाडायचे. शाळेच्या विहिरीला मोटर त्यांनी बसवली, त्यातला एक रुपया खाल्ला नाही, हे त्यांचे दुश्मनही सांगायचे. आणि हेच गृहस्थ मुलींनी गॅदरिंगमध्ये नाटकात काम करू नये म्हणून अडून बसले. दहावीनंतर मुलींचा वर्ग चालू ठेवायचा विषय आला तेव्हा म्हणाले, "पोरीईले कायले पुढं, त्याईले का कलेक्टर व्हाचं हाय?" वर्ग काही वर्षं सुरू झालाच नाही. माझी धाकटी बहीण त्या वर्षांतली. तिला नागपूरला मावशीकडे ठेवावं लागलं, आणि ज्यांच्या मावश्या नागपूरला नव्हत्या त्या मुली घरी बसल्या. आमच्या वाड्यातल्याच तीन.

पुढे हे सचिव अध्यक्षपदाला उभे राहिले. प्रचारात पोस्टरवर लिहिलं होतं, शिस्त आणि संस्कार. आई मला म्हणाली, "हिशोबाचं काम असंन तर त्याईले मत दे. पोरीईचं काम असंन तर नको देऊ." मी म्हटलं, आई, मत एकच आहे. ती म्हणाली, "मंग इचार कर." ते पडले. शाळेच्या विषयावर नाही पडले, वार्डातल्या भांडणावर पडले. त्यांच्या जागी जे आले त्यांच्या काळात हिशोब कसे राहिले ते विचारू नका.

या माणसाबद्दल मी अजूनही एका वाक्यात मत देऊ शकत नाही. जुन्या वळणाचा माणूस म्हणजे वाईट, हे शहरातल्या पेपरवाल्यांचं मत मला पटत नाही. नगर पालिकेला जुन्या वळणाचं माणूस पैशाच्या बाबतीत हवंच आहे. ठेकेदाराला बिल देताना दोनदा मोजणारा, नाली बांधली ती स्वतः जाऊन काठीनं खोली पाहणारा, कर्ज काढून कारंजं न बांधणारा. या बाबतीत जितका कंजूष तितका चांगला. पण माणसांच्या बाबतीत, कोणी कुठं जावं, काय घालावं, किती शिकावं, कोणत्या वेळेला घराबाहेर असावं, या बाबतीत जुनं वळण नगर पालिकेत घेऊन बसला तर तो अंधाऱ्या रस्त्यावर खांब लावणार नाही. तो म्हणेल पोरींनी अंधारात बाहेर कशाला पडावं. खांबाचं बजेट तेच, गल्ली तीच, पण हे दोन वेगळे अध्यक्ष असतात.

आता आपल्याकडचा सगळ्यात अवघड विषय. ज्याला परंपरेचा अभिमान आहे त्याला पांढुर्ण्यात गोटमारीबद्दल विचारल्याशिवाय सोडू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव. मधे पात्रात पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. सकाळी पूजा होते, मग दिवसभर दगड. मरण आलेलं आहे, डोळे गेलेले आहेत, शेकड्यांनी माणसं दर वर्षी जखमी होतात, दवाखान्याचे तंबू आधीच लागतात. प्रशासनानं एकदा दगडाऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी चेंडू बाजूला ठेवून दगड उचलले. चंडीमातेचं दर्शन, त्या पोरा-पोरीची गोष्ट, माहेरी आलेल्या लेकी, हे सगळं माझंही आहे. मी लहानपणी पुलाजवळच्या गच्चीवरून पाहिलंय. पण ज्या घरातलं पोरगं गेलं त्या घरात पोळा पुन्हा कधी नीट झाला नाही, हेही पाहिलंय.

शाळेच्या कमिटीवर बसलेला माणूस वर्षभर मुलांना शिस्त शिकवतो, वर्गात दगड मारला तर बापाला बोलावतो. तोच माणूस नगराध्यक्ष झाला की त्या एका दिवशी काय म्हणणार? परंपरा आहे म्हणून गप्प बसणार? झेंड्याची पूजा ठेवून दगड बंद करायचं कोणाशी बोलणार? निदान अठराच्या आतलं पोरगं पात्रात उतरू नये एवढं तरी शाळा-शाळांत जाऊन सांगणार? बंदी घालणं त्याच्या हातात नाही, ते कलेक्टरचं काम, आणि नुसत्या बंदीनं काही होत नाही हे आपण पाहिलंच. पण बोलणं त्याच्या हातात आहे. आणि शाळेतल्या माणसाचं लोक ऐकतात. पक्षवाल्याचं ऐकणार नाहीत, गुरुजींचं ऐकतील. म्हणून या एका कामासाठी मला तर वाटतं शाळेतलाच माणूस पाहिजे, आणि तोही जुन्या वळणाचा, चंडीमातेला नारळ फोडणारा. नास्तिकानं सांगितलं तर दगड दुप्पट पडतील.

दुसरी एक गोष्ट. आता कायद्यानं शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि अर्ध्या बायका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. नगर पालिकेतही आपल्या राज्यात अर्ध्या जागा बायकांच्या. पण होतं काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. समितीत बाई, सही बाईची, बैठकीत नवरा. वार्ड बायकांचा निघाला की भाऊंच्या पोस्टरवर वहिनींचा फोटो येतो, भाऊंचा फोटो थोडा लहान होतो, एवढंच. अध्यक्षाची जागाच बायकांची निघाली तर आपला हा शाळेच्या कमिटीवाला काय करतो ते पाहण्यासारखं राहील. घरातल्या बाईला उभी करून मागून कारभार करतो, की शाळेच्या समितीत खरंच बोलणारी, मिड-डे मीलच्या तांदळात सोंडे दाखवणारी जी बाई आहे तिला पुढे करतो? तशी बाई प्रत्येक शाळेत एक तरी असते. मला विचाराल तर तीच उमेदवार.

आणि निवडून दिला नि चुकला तर? आपल्या राज्यात त्याचीही सोय आहे, बाकी राज्यांना नवल वाटेल अशी. तीन चतुर्थांश पार्षदांनी लिहून दिलं तर लोकांकडून पुन्हा मत घेतात, खाली कुर्सी की भरी कुर्सी. चित्रावर शिक्का मारायचा, रिकामी खुर्ची नाहीतर बसलेला माणूस. आमचा एक मित्र म्हणतो, शाळेच्या कमिटीलाही हे लावा, अर्ध्या खुर्च्या संध्याकाळपर्यंत रिकाम्या होतील.

२०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. दोन तहसिलींचा जिल्हा, दोघांची खुन्नस जुनी, तरी आता कलेक्टर आपल्या घरात आला. मराठीसाठी काही मागायचं तर छिंदवाड्यापर्यंत जायला नको. अध्यक्ष कोणीही होवो, पांढुर्ण्याचा आणि सौंसरचा, दोघांनी मिळून एक काम करता येईल जे बारावी अनुसूचीच्या त्या एका ओळीतही बसतं. नगर पालिकेच्या वाचनालयात मराठी पुस्तकांचं एक कपाट आणि रविवारी दोन तास मुलांना मराठी वाचायला शिकवणारं कोणी. मास्तर नको, रिटायर आज्या पुरे. आपल्या गावात पुस्तकं पडलेली आहेत, माळ्यावर, वाळवी लागून. त्याला भोपाळची परवानगी लागत नाही. जो उमेदवार दाराशी येईल त्याला मी हेच विचारणार आहे, आणि कपाटाची लांबी-रुंदीही सांगणार आहे.

या ग्रूपमध्ये जनपद सभेच्या शाळेत शिकलेले कोणी काका-आजोबा असतील, पंचाहत्तरी ओलांडलेले, तर त्यांनी खाली जरूर लिहावं, किंवा नातवाकडून लिहवून घ्यावं. तुमच्या शाळेच्या कमिटीवर कोण होतं, पोरी किती होत्या वर्गात, आणि त्या कमिटीतलं पुढे कोणी नगर पालिकेत गेलं का. पिपळा, मोहगाव, लोधीखेड्याचे लोक तर लिहाच, तुमच्याकडचं फार कमी लिहिलं गेलंय.